त्याच्या राउटरमधली माझी ओळ

माझ्या धंद्यातल्या जुन्या मित्राला जाऊन महिना झाला, चर्चमध्ये त्याच्यासाठी महिन्याची मिस्सा झाली आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, त्या मशीनचं मला काही कळत नाही. एकदा येऊन बघाल का?"

नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. तो नंदाखालमध्ये घरोघरी इंटरनेट द्यायचा, मी बोळिंजमध्ये. एकाची मुख्य लाइन तुटली तर दुसऱ्याच्या लाइनवर गिऱ्हाइकांचं भागावं, म्हणून आम्ही आपापले राउटर एकमेकांना जोडले होते. दोन वर्षांपूर्वी त्याने मला न सांगता काहीतरी बदललं आणि माझी सगळी गिऱ्हाइकं अर्धा दिवस बंद पडली. मी तडक त्याच्या ऑफिसात गेलो आणि लोकांसमोर त्याला नाही नाही ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." घरी येऊन मी माझ्या बाजूने त्याची जोडणी बंद केली. मग आम्ही बोललोच नाही. आता तो गेला, आणि जाताना त्याच्या मनात माझ्याबद्दल काय होतं या विचाराने माझी झोप उडाली होती.

त्याचं ऑफिस म्हणजे केळीच्या वाडीला लागून एक खोली. वहिनींनी खुर्ची पुसून दिली, पासवर्डची वही पुढे ठेवली. मी राउटरमधली शेजाऱ्यांची यादी उघडली. जोडणी व्हायला दोन्ही बाजूंनी एकमेकांचा पत्ता लिहावा लागतो. एकानेच ठेवला, तर त्याचा राउटर नुसता हाका मारत राहतो. यादीत माझा पत्ता होता. हाका चालू होत्या.

खोडायचं राहिलं असेल, मी मनाशी म्हटलं. आहेच तो आळशी. साधा बॅकअप कधी ठेवायचा नाही, त्यावरून मी त्याला किती झापलंय!

मग माझं लक्ष राउटरच्या डब्याकडे गेलं. "वहिनी, हा नवा दिसतो."

"गेल्या पावसाळ्यात वीज पडली, जुना जळाला. ह्यांनी दोन दिवस इथे बसून सगळं पहिल्यापासून टाकलं. म्हणाले, आठवून आठवून टाकायला लागतंय."

गेल्या पावसाळ्यात. म्हणजे भांडणानंतर वर्षभराने. माझी बाजू बंद आहे हे पक्कं ठाऊक असताना त्याने माझा पत्ता आठवून पुन्हा लिहिला होता. मला वहिनींसमोरच रडू फुटलं. त्यांनी पाणी आणून ठेवलं.

डोळे पुसून मी लॅपटॉप काढला आणि माझ्या राउटरवर घातलेली बंदी उठवली. एक ओळ, तीन-चार शब्दांची. थोड्याच वेळात जोडणी लागली.

"झालं का?" वहिनींनी विचारलं.

"झालं," मी म्हणालो.

दोन वर्षांत कुठल्याही दिवशी मी हे घरी बसून करू शकलो असतो, आणि पलीकडे तो असता.