फटीचा नंबर

माणसाच्या सगळ्या दुखण्यांचं मूळ त्याच्या दोन दातांमधल्या फटीत असतं असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या सुरतेत एकच असेल, आणि माझं नशीब असं की तो माझा व्याही निघाला. डोकं दुखतंय? फट बघा. झोप लागत नाही? फट बघा. एकदा माझी स्कूटर भर उन्हात बंद पडली आणि मी फोनवर त्याचं रडगाणं गात होतो, तर पलीकडून शांत आवाज आला, "ती होईल हो चालू, गुरुजी. पण परवा तुमच्या खालच्या डाव्या दाढेत काहीतरी अडकलेलं दिसलं, ते निघालं का?" आता मी पडलो मुलीचा बाप. त्यात जन्मभर पालिकेच्या मराठी शाळेत मास्तरकी केलेली, म्हणजे उलट बोलणं ऐकून घ्यायची सवय नाही आणि व्याह्यांना उलट बोलायची सोय नाही. "निघालं, निघालं," म्हणालो. निघालं नव्हतं.

व्याही मूळचे धुळ्याकडचे. पांडेसऱ्यात एका कापडाच्या कारखान्यात त्यांची सगळी उमर गेली. काम कोणतं, तर मागावर नवा बीम, म्हणजे उभ्या तारा गुंडाळलेला रूळ, चढवायचा म्हटलं की त्याच्या हजारो तारा एकेक करून फणीतून ओवायच्या. फणी म्हणजे पोलादी पात्यांचा दारभर लांबीचा कंगवाच. दर दोन पात्यांच्या फटीतून तार जाते. त्या फटींत खळ आणि भुगा साचला की तार तुटते, कापडात दोष येतो आणि शेटजी वरच्या मजल्यावरून खाली येतात. "फणी साफ तर कापड साफ," हे वाक्य व्याह्यांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं असेल की एक दिवस दाढी करताना आरशात बघून त्यांना ते स्वतःच्या तोंडालाही लागू आहे असं दिसलं, यात नवल नाही. मात्र पहिली चूकही त्यांनी कारखान्याच्या माणसानेच करावी अशी केली. दात साफ करायला त्यांनी बॉबिनवरची पॉलिएस्टरची तार घेतली. ती बारीक, कडक, आणि ओढणारा हात मागावरचा. हिरडी चिरली, गाल भोपळ्यासारखा टम्म फुगला. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाने झालं हे?" तर यांनी खिशातून बॉबिन काढून त्यांच्या टेबलावर उभी केली. डॉक्टर बिचारे भले होते. त्यांनी दातांचा खास धागा दाखवला, फटीत घालायचे ते टीचभर ब्रश दाखवले, त्यांचे नंबर समजावून सांगितले. डॉक्टरांना वाटलं आपण एक रोगी बरा केला, पण त्यांनी एक प्रचारक तयार केला होता.

त्या दिवसापासून व्याह्यांच्या खिशात एक स्टीलची डबी आली. पूर्वी तिच्यात तारा ओवायचे हूक असत. आता एका बाजूला धाग्याचं रीळ, दुसऱ्या बाजूला नंबराप्रमाणे रंगीत ब्रश आणि मधे एक गोल आरसा. ही डबी उघडून ते ज्या शांतपणे बोलायला बसत, त्या शांतपणे मी कधी भूमितीसुद्धा शिकवली नाही. "गुरुजी, एका तोंडात सगळ्या फटी सारख्या नसतात. पुढे एक नंबर, मागे दुसरा. ब्रश सैल जातो? नंबर चुकला. ढकलावा लागतो? तरी चुकला. हाताला जरासा घासत जाईल, तो त्या फटीचा नंबर. आणि जिथे कुठलाच ब्रश जात नाही तिथे धागा." धागा करवतीसारखा ओढायचा नाही, दाताला कवेत घेऊन वरखाली करायचा. पहिले काही दिवस रक्त येईल, भिऊन सोडायचं नाही. येतच राहिलं तर मुकाट्याने डॉक्टरकडे जायचं. आणि सगळ्यात वरचा नियम, जो ते बोट वर करून सांगत: "बळजबरी नाही करायची. फट आपलं ऐकत नसते, आपणच तिचं ऐकायचं." एका लग्नात पंगतीतला एक गृहस्थ सेफ्टी पिनने दात कोरताना दिसला, तर हे स्वतःचं ताट उचलून त्याच्या शेजारी जाऊन बसले. जिलेबी येईपर्यंत तो माणूस पिन खिशात घालून ब्रशचा नंबर विचारत होता. मुलाने हौसेने पाण्याची धार मारणारं मशीन आणून दिलं, ते त्यांनी आठवडाभर इमानदारीने वापरलं आणि मग म्हणाले, "मशीन चांगलं आहे, पण माझ्या हाताला काही काम राहत नाही." सध्या ते मशीन माझी मुलगी खिडकीच्या जाळ्या धुवायला वापरते.

मुलीच्या साखरपुड्याची गोष्ट तर मी आजही सगळ्यांना सांगत नाही. मानाची शाल मी व्याह्यांच्या खांद्यावर घातली आणि, खोटं कशाला बोलू, "अस्सल लोकर आहे" असं चारचौघांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणालो. व्याह्यांनी शालीचा काठ दोन बोटांत चोळला. एक तार हलकेच उपसली, उजेडाकडे धरली, आणि भर मांडवात पुढच्या दोन दातांमधून फिरवून पाहिली. मग अगदी मायेने माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "गुरुजी, शाल झकास आहे. पण लोकर नाही, पॉलिएस्टर आहे. दातांना नका वापरू, हिरडी कापते." घरी परतल्यावर दार उघडता उघडता आमची ही एवढंच म्हणाली, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, यांचं भरतं वाटतं." मी व्याह्यांची बाजू घेतली. का घेतली ते मलाही कळलं नाही. पण ज्या माणसाला खोटी शाल ओळखूनही ती दिवसभर खांद्यावरून काढावीशी वाटली नाही, त्याच्या घरात मुलगी सुखात राहील असं मला वाटलं होतं.

आणि ती सुखात आहे. या माणसाच्या आयुष्यात उणीव एकच होती, ती म्हणजे विहीणबाई. गल्लीतला पानवाला, दूधवाला, वरच्या मजल्यावरचं उडिया कुटुंब, सगळ्यांच्या फटींचे नंबर व्याह्यांना तोंडपाठ. फक्त स्वतःच्या बायकोचं तोंड त्यांनी कधी आतून पाहिलं नव्हतं. विहीणबाई मिसरी लावायच्या. सकाळ-संध्याकाळ ओट्यावर बसून तर्जनीने काळीभोर मिसरी दातांवर फिरवायची, हा त्यांचा आनंदाचा वेळ. मग दात काळे दिसतात म्हणून हसताना पदर तोंडाला. व्याही डबी घेऊन जवळ सरकले की त्या अहिराणीत एकच सांगत, "मनं तोंड, मनी मिसरी. तुमले काय करनं शे?" व्याही डबी मिटत. एकदा पोंक, म्हणजे आपला ज्वारीचा हुरडा, खाताना ते मला हळूच म्हणाले होते, "सगळ्या जगाला सांगून झालं, गुरुजी. हिने एकदा हातात धागा धरला ना, तर माझं काम झालं." त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून मीही केली नाही.

मागच्या उन्हाळ्यात विहीणबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं जड झालं. उजव्या गालात घास अडकून राहायचा आणि त्यांना कळायचंही नाही. डॉक्टरांनी बजावलं, प्रत्येक जेवणानंतर तोंड साफ झालंच पाहिजे, अडकलेलं श्वासाबरोबर छातीत उतरलं तर पुन्हा दवाखाना, आणि या खेपेला खात्री देता येणार नाही. पण विहीणबाईंनी दातखीळ बसवली. माझ्या मुलीला उघडू देईनात, नर्सला उघडू देईनात. मुलगी फोनवर रडली, "बाबा, आई तोंडच उघडत नाहीत. परवापासून छाती घरघरतेय." मी तडक पांडेसऱ्याला त्यांचं घर गाठलं. मला वाटलं, व्याही डबी उघडून बसले असतील. तर डबी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात आणि हे खाटेच्या पायथ्याशी गप्प. माझं डोकंच फिरलं. बाहेर बोलावून म्हणालो, "अहो, माझ्या दाढेचा तुम्ही पिच्छा सोडला नाहीत, आणि आज जिवावर बेतलंय तर हातावर हात ठेवून बसलात?"

व्याह्यांनी चपलेने जमीन उकरली. मग म्हणाले, "जबरदस्तीने उघडलं तर आज उघडेल, गुरुजी. उद्या नाही उघडणार. कारखान्यात नव्या माणसाला शिकवायची एक रीत होती. त्याच्या बीमला आपण हात लावायचा नाही. त्यालाच आपल्या बीमवर बसवायचं. तारा तोडतो, तोडू द्यायच्या." आजारी बायकोच्या खाटेशी हा माणूस मला बीम सांगतोय, म्हणून मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि घरी आलो.

चार दिवसांनी दुपारी पुन्हा गेलो. मुलीने दारातच ओठांवर बोट ठेवलं. आत विहीणबाई खुर्चीत टेकून बसल्या होत्या. त्यांच्या समोर खाली पाटावर व्याही, गळ्यात टॉवेल, मान मागे टाकलेली, तोंड आ वासलेलं. विहीणबाईंच्या डाव्या हातात ब्रश होता. डाव्या हाताची सवय नाही, त्यामुळे ब्रश फटीत कमी आणि हिरडीत जास्त जात होता. व्याह्यांच्या हनुवटीवर रक्ताचा बारीक ओघळ आला होता, डोळ्यांत पाणी होतं, पण ते हूं की चूं करत नव्हते. "हालू नका," विहीणबाई जडशीळ जिभेने म्हणाल्या. मुलगी कुजबुजली, "तुम्ही येऊन गेलात त्याच दिवशी आईंना म्हणाले, माझा हात कापतो आता, दिसतही नाही, तू तेवढं करून दे. तेव्हापासून दोन्ही वेळा करतात." हात कापतो? हा माणूस आजही चष्म्याशिवाय सुई ओवतो. पण बायकोचं मन त्याला माझ्यापेक्षा बरं ठाऊक होतं. सेवा करून घ्यायला ती लाजत होती, सेवा करायला तिने जन्मात नाही म्हटलं नव्हतं.

मागची दाढ झाली. विहीणबाईंनी ब्रश व्याह्यांच्या हातात दिला आणि सवयीने डावा हात पदराकडे नेला. पदर तोंडापर्यंत आला, थोडा वेळ तिथेच थांबला आणि मग त्यांनी तो मांडीवर सोडून दिला. तोंड उघडलं. व्याही उठले, साबणाने हात धुतले, डबीतून सगळ्यात बारीक, नवा ब्रश काढला. मी आणि मुलगी स्वयंपाकघरात निघून गेलो. बाहेरून एरवीसारखं फटींचं व्याख्यान ऐकू येईल म्हणून मी कान देऊन होतो, पण ऐकू आलं ते फक्त पेल्यात ब्रश खळबळल्याचं.

आता विहीणबाईंची छाती मोकळी आहे. मिसरी सुटलेली नाही, कमी झाली आहे. त्या दिवशी व्याही मला रिक्षापर्यंत सोडायला आले तेव्हा रस्त्याकडे बघत म्हणाले, "सव्वीस आहेत."

"काय सव्वीस?"

"हिचे दात. इतकी वर्षं मी मिसरीने निम्मे गेले असंच धरून चाललो होतो." मग म्हणाले, "आणि पुढच्या फटीला माझाच नंबर लागतो, गुरुजी. एकाच रंगाचा ब्रश."

परवा गेलो तर मोरीतल्या स्टीलच्या पेल्यात दोन हिरवे ब्रश शेजारी शेजारी उभे होते. अदलाबदल होऊ नये म्हणून एकाला लाल तार बांधली होती, मागावर तुटलेली तार जोडतात त्या बारीक गाठीने. घरी येऊन मी कपाटाच्या तळाशी पडलेल्या, व्याह्यांनी दर दिवाळीला दिलेल्या ब्रशच्या पाकिटांपैकी एक फोडलं, आणि आमच्या हिला हाक मारून म्हणालो, जरा इकडे ये, मला मागचं दिसत नाही.