दोन्ही कान दिसणारा नेपोलियन

फोटोवाल्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नसे. वाईट नव्हता हो, नाकीडोळी नीटस म्हणावा असाच होता. पण पाठ वळली की समोरच्याच्या डोक्यातून साफ पुसला जाई. पासपोर्टचा फोटो काढून गेलेलं गिऱ्हाईक तासाभराने परत येई आणि त्यालाच विचारी, "मालक कुठे गेले?"

सासूबाईंनी तर लग्नाआधीच निकाल दिला होता, "मुलगा सालस आहे, पण चेहरा काही आठवत नाही बाई." लग्नाच्या दिवशी "घ्या जावईबापू" म्हणत त्यांनी पहिला चहा दिला, तो त्याच्या चुलतभावाला. चुलतभाऊ महा आगाऊ, त्याने तो मिटक्या मारत संपवलाही.

ते त्याच्या मनाला फार लागलं. जन्मभर लोकांचे चेहरे टिपायचे आणि आपला कुणी ओळखू नये! मग एका रिकाम्या दुपारी त्याच्या डोक्यात आलं, ज्यांना जग विसरत नाही त्यांचीच सोंगं घेऊ या. बायको शिवणकामात तरबेज. पडद्याचा नेपोलियनचा कोट झाला, फरशी पुसायच्या मॉपचा न्यूटनचा टोप, कापसाची सॉक्रेटिसची दाढी. कॅमेऱ्याचं बटण बायकोच दाबी. पण गडी हाडाचा पासपोर्टवाला! पांढरा पडदा, नजर समोर, हसायचं नाही, दोन्ही कान दिसलेच पाहिजेत. टोपी चालत नाही म्हणून नेपोलियन बोडका बसला, क्लिओपात्राने केस कानामागे खोचले. सगळे थोर लोक आपला नंबर कधी येतो याची वाट बघत बसल्यासारखे दिसायला लागले.

एव्हाना सासूबाईंना लेकीकडे राहायला येऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "या वयात दाढ्या चिकटवता? त्यापेक्षा दुकानाच्या काचा पुसा." उत्तर त्याच्या ओठांपर्यंत येई, तिथूनच तो ते परत पाठवी आणि मुकाट्याने काचा पुसायला घेई.

पुढे वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी फोटोंच्या प्रदर्शनासाठी हॉल दिला. त्याने स्वतःच्या नावाची पाटी काही लावू दिली नाही.

"फोटो बघून एकाने जरी मला ओळखलं ना, तरी भरून पावलो," तो बायकोला म्हणाला.

"आणि नाही ओळखलं तर?"

"तर हे सगळं उद्यापासून बंद. मॉपने फरशी पुसू."

लोक आले, हसले, खूश झाले. हा मुद्दाम नेपोलियनला खेटून उभा. एक गृहस्थ म्हणाले, "जरा बाजूला होता का? दिसत नाहीये." एका बाईंनी पंखा वाढवायला सांगितला. त्याने वाढवला. संध्याकाळपर्यंत, होता तो चेहराही उतरला.

मग बायको सासूबाईंना घेऊन आली. त्या प्रत्येक फोटोपुढे थांबत, डोळे बारीक करत सगळं बघून आल्या आणि त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

"काय हो, एवढे मोठे लोक, आणि सगळ्यांची तोंडं तुमचीच!"

"तुम्ही ओळखलंत?"

"न ओळखायला काय झालं? मी बोलले की उत्तर गिळता ना, तेव्हा ओठाचा डावा कोपरा असा मुडपता. हा नेपोलियन गिळतोय, ती राणीही गिळतेय. इतकी वर्षं जेवताना समोर दुसरं काय बघतेय मी?"

आसपासचे लोक वळले. "हे? छे, हे कसे असतील!" ते मघाचे गृहस्थ म्हणाले.

सासूबाईंचा पारा चढला. "थांबा, दाखवते." आणि त्या जावयावर कडाडल्या, "काय ही थेरं! माझ्या लेकीचे चांगले पडदे फाडलेत. चार माणसं घरी आली तर खिडकीला काय लावायचं? बोला ना!"

पडदे बायकोनेच कापून दिले होते, हे त्याला सांगायचं होतं. उत्तर ओठांपर्यंत आलं. डावा कोपरा मुडपला.

हॉलमधल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग नेपोलियनकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अगं बाई, हे तुम्हीच!" ग्रंथपालबाईच ओरडल्या. वाचनालयात ओरडू नये हेही त्या विसरल्या. हशा झाला, टाळ्या झाल्या, लोकांनी त्याला गराडा घातला.

ग्रंथपालबाईंनी सगळ्यांसाठी चहा मागवला. ट्रेमधला पहिला कप सासूबाईंनी उचलला, गर्दीतून वाट काढत त्या थेट त्याच्यापाशी आल्या आणि कप त्याच्या हातात दिला.

"घ्या जावईबापू."