महालक्ष्म्यांमागची होडी

नेट कॅफेत देशोदेशीची म्युझियमं बघायला जाताना आमच्या म्युझियमकाकू ठेवणीतली साडी नेसायच्या. रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि जो तो जागांच्या भावाबद्दल बोलत होता. ब्राह्मणपाऱ्यातली आमची ही शेजारीण मात्र दुपारची झाकपाक करून, पावडर-कुंकू नीट लावून रोमला निघायची. मी लग्न होऊन नवीनच आलेली. इंग्रजी वाचता येतं म्हणून मला सोबत न्यायच्या. एकदा मी गाऊनवर ओढणी टाकून निघाले, तर दारातूनच परत पाठवलं. "दुसऱ्याच्या देशात चाललो न आपण? अशी काहून येतेस?"

तेव्हाचं नेट म्हणजे दिव्यच होतं. चित्र वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचं. काकू पडद्याला नाक लावून बसायच्या. "केस आले... कपाळ आलं... अगं, ही तर रागात दिसून राहिली!" एवढ्यात कॅफेवाला ओरडायचा, "आंटी, टाइम हो गया." काकू कळवळायच्या, "भैया, उसका मुंह तो आने दो!"

भाद्रपदात त्यांच्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहायच्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. सासऱ्यांच्या वेळचे पितळी मुखवटे. काकूंना मूलबाळ नव्हतं. वर्षातले ते तीन दिवसच त्यांचं घर भरलेलं असायचं, आणि त्या दिवसांवर त्यांचा जीव होता. नेटवर सापडलेला एखादा देश त्या जुन्या चादरीवर रंगवायच्या आणि देवींच्या मागे आरास म्हणून लावायच्या. रंग वाळेपर्यंत सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी बसू नये म्हणून गच्चीवर छत्री धरून उभ्या राहायच्या.

हे नागपूरच्या थोरल्या जाऊबाईंच्या कानावर गेलं. त्यांचा निरोप आला, "यंदा मी येतो. देवीच्या मागे भलतंसलतं दिसलं, तर मुखवटे मी घेऊन जाईन." थोरलीचा हक्क, कोण काय बोलणार?

दुसरी कुणी असती तर गुपचूप झेंडूच्या माळा सोडून मोकळी झाली असती. काकूंना मात्र त्याच आठवड्यात इजिप्तची एक होडी सापडली. होडीच्या दोन्ही टोकांना एकसारख्या दोन बायका, हात पसरून उभ्या. "ह्या तर आपल्याच ज्येष्ठा-कनिष्ठा! आता ताई काय बोलतील?" मधे कुणीतरी आडवं होतं. काकू म्हणाल्या, "झोपला असंल बिचारा, प्रवास लांबचा आहे." खालचा मजकूर उतरायच्या आतच वेळ संपली. आम्ही कागदावर निघालं तेवढं चित्र घेऊन आलो आणि काकूंनी ते चादरीवर उतरवलं.

पूजनाच्या दिवशी सकाळी काकूंनी मला कॅफेत पिटाळलं. जेवायला आलेल्या सवाष्णी विचारतील, त्या बहिणींची नावं तरी माहीत हवीत. त्या दिवशी पान पूर्ण उतरलं. मी दोनदा वाचलं. मधला झोपलेला नव्हता. तो त्यांचा मेलेला भाऊ होता, आणि दोघी त्याच्यासाठी रडत होत्या.

मी धावत स्वयंपाकघरात आले. काकू पुरण वाटत होत्या. कानात सांगितलं तसा त्यांचा हात थांबला. चादर काढायची सोय नव्हती; एकदा उभ्या राहिलेल्या महालक्ष्म्या विसर्जनापर्यंत हलवत नाहीत, आणि चादर त्यांच्या मागेच खिळवलेली. तेवढ्यात बाहेरून जाऊबाईंचा आवाज आला, "अगं, होडी छान काढली व. मले वाटलं होतं काय अन् आहे काय! राहू दे देवी तुझ्याकडेच."

मी काकूंचा हात घट्ट धरला. "बोलू नका. इथे कुणाला कळतंय?"

"मले कळलं न," काकू म्हणाल्या. "त्या दोघी रडून राहिल्या पोरी, अन् मी लोकांले सांगू का, त्या हसायले आल्या म्हणून? पाहुण्या आहेत त्या आपल्या."

पदराला हात पुसून त्या बाहेर गेल्या. आरतीची ज्योत पेटलेली, सवाष्णी पानांवर बसायच्या बेतात. "ताई, हे चित्र मयताचं आहे. मले ठाऊक नव्हतं. आत्ता समजलं." जाऊबाईंनी चादरीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाल्या, "आरती करून घ्या." जेवणं झाली, पण कुणी दुसऱ्यांदा पुरणपोळी मागितली नाही. तिसऱ्या दिवशी मुखवटे नागपूरला गेले.

काकू माझ्यासमोर रडल्या नाहीत. मला मात्र त्यांचा फार राग आला, आणि फार अभिमानही वाटला.

पुढच्या भाद्रपदात, पूजनाच्याच दिवशी, त्यांनी मला हाक मारली. अंगावर पैठणी, हातात हळद-कुंकवाचा करंडा. कॅफेत त्यांनी ती होडी उघडायला लावली. चित्र पट्टीपट्टीने उतरत गेलं. आधी एक बहीण आली, मग दुसरी. काकूंनी पडद्यावर दोघींच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं. कॅफेवाला धावत आला, "आंटी, स्क्रीन खराब हो जाएगी!"

"हव, पोंछ देती हूं," काकू म्हणाल्या, "पहले उनका रोना तो हो जाने दो."

आता काकू नाहीत. सगळं जग माझ्या फोनमध्ये बोट लावताच उघडतं. पण कुठल्या परक्या देशातलं जुनं चित्र समोर आलं, की मी आधी ओढणी सारखी करते.