मजल्यावरची शिकवणी

आमच्या मजल्यावरच्या उत्तम पाटकरांना लोकांचा राग ऐकून घेण्याचा पगार मिळतो. मिक्सर बनवणाऱ्या एका कंपनीच्या तक्रार कक्षात ते फोनवर असतात. कुणाचं भांडं गळतं, कुणाचं पातं अडकतं, आणि सगळे खेकसतात ते उत्तमरावांवर. "मॅडम, मी तुमचा त्रास समजू शकतो," हे ते इतक्या मऊपणे म्हणतात की समोरची बाईच शेवटी सॉरी म्हणते, असं ते अभिमानाने सांगतात. घरी येईपर्यंत मात्र हा मऊपणा पार संपलेला असतो. आणि घरी त्यांची साडेचार वर्षांची लेक संचिता वाट बघत असते.

हवं ते मिळालं नाही की संचिता जिन्यासमोरच्या फरशीवर येऊन आडवी पडायची. घरात नाही, बाहेर. पोरगी हुशार आहे. गोडदेवातल्या आमच्या इमारतीत दिवसा कुणी दार लावत नाही. लावलंच तर माणसं गावाला गेलीत, नाहीतर भांडलीत, असं समजायचं. त्यामुळे तिने सूर लावला की शेजारच्या नीलमबेन खाखरा घेऊन यायच्या, कोपऱ्यातल्या विमलाबाई बेसनाचा लाडू आणायच्या, आणि मी समोरच्या दारात बिस्किटाचा पुडा घेऊन तयार असायचो. मधोमध उत्तमराव "ऊठ म्हणतोय ना" करून घसा फोडत असायचे. एवढा थाटमाट सोडून कोण उठेल?

हे असंच चाललं असतं, पण पोरगी शाळेच्या व्हॅनच्या दारातही आडवी पडायला लागली. बाकीच्या मुलांना रोज उशीर. व्हॅनवाल्या दशरथने एक दिवस उत्तमरावांच्या बायकोला, संपदाला, गेटवर गाठलं.

"वहिनी, हा महिना बघतो मी. मग पण हेच चालू राहिलं ना, तर दुसरी व्हॅन बघा. बाकीचे पेरेंट्स माझ्यावर चढतात."

दुसरी व्हॅन आमच्या गल्लीत येत नाही. लेकीसाठी घरी बसलेल्या संपदाने नुकतीच अंधेरीच्या लॅबमधली नोकरी परत धरली होती, आणि ती किती खुशीत होती ते आम्ही बघत होतो. ती भांडली नाही की रडली नाही. नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मी सरांना सांगून ठेवते, की कदाचित सोडावी लागेल." उत्तमराव या एका वाक्याने हादरले.

बालवाडीच्या हॉलमध्ये शनिवारी पालकांचा वर्ग भरतो. घेते ती क्लेअर उत्तनची, बोलायला रोखठोक. उत्तमरावांनी पहिल्याच दिवशी मुलीची तक्रार साग्रसंगीत मांडली. क्लेअरने सगळी ऐकून घेतली.

"उत्तमभाऊ, कस्टमर ओरडला तर तुम्ही पण ओरडता काय त्याच्यावर?"

"छे, नोकरी जाईल."

"आणि घरी काय जात नाय, म्हणून ओरडता?"

उत्तमराव दर शनिवारी जायला लागले. मग शिकले. पोर ओरडली की लाडूही नाही आणि ओरडाही नाही. नुसतं जवळ बसायचं, तिचं झालं की बोलायचं. चांगलं वागली की नेमकं काय आवडलं ते तिला सांगायचं. हे दुसरं उत्तमराव थेट फोनच्या आवाजात करायचे. "संचिता, तू चप्पल रॅकमध्ये ठेवलीस, ते मला आवडलं." पुढे 'कंपनीला फोन केल्याबद्दल धन्यवाद' तेवढं राहायचं. पोरगी बापाकडे संशयाने बघायची.

पण बाप जवळ बसला तरी लाडू येतच होते. मग एका रविवारी उत्तमरावांनी आम्हाला बोलावून हात जोडले: ती आडवी पडली की सगळ्यांनी दारं लावून घ्यायची. दार लावायचं म्हणजे आमच्या जिवावर आलं, पण संपदाच्या नोकरीसाठी कबूल झालो. विमलाबाई तेवढ्या नव्हत्या. त्या मुर्ध्याला लेकीकडे गेल्या होत्या. त्याच रात्री परतल्या, आणि त्यांना सांगायचं आम्ही सगळेच विसरलो.

सोमवारी सकाळी संपदा कामाला गेल्यावर मोज्यांवरून बिनसलं आणि संचिता फरशीवर आडवी झाली. नीलमबेनचं दार लागलं, माझंही लागलं. मी आतून दाराच्या भिंगातून बघत होतो. विमलाबाई लाडू घेऊन बाहेर आल्या. इकडे बंद, तिकडे बंद. त्यांचा चेहरा उतरला.

"दोन दिवस लेकीकडे काय गेले, मला वाळीत टाकलंत?" असं म्हणून त्या फरशीवर बसल्या आणि रडायला लागल्या. आवाज संचितापेक्षा मोठा.

संचिता गप्प झाली. या फरशीवर तिच्याहून वरचढ रडणारं कुणी तिला भेटलं नव्हतं. उत्तमराव समजवायला पुढे सरकले, तेवढ्यात ती उठली आणि विमलाबाईंच्या शेजारी मांडी घालून बसली.

"आजी, तुला राग आलाय ना?" सूर अगदी बापाचा, फोनवरचा. "मी इथेच बसते. तुझं झालं की बोलू."

व्हॅनचा हॉर्न वाजून वाजून थकला, तसा दशरथ तणतणत वर आला. संचिताने त्याला हाताने थांबवलं. "काका, थांबा. आजीचं संपलं नाही अजून."

आजीचं तिथेच संपलं. रडता रडता त्यांना हसू फुटलं. संचिताने मोजे ओढले, दप्तर उचललं. उत्तमराव तिच्यासमोर वाकले.

"संचिता, तू आजीजवळ बसलीस, ते मला..." फोनचा आवाज आज निघेना. खोटं कशाला सांगू, दाराआड मलाही भिंग पुसावं लागलं.

"आवडलं," संचिताने त्यांचं वाक्य पुरं केलं आणि जिना उतरायला लागली.

दशरथ डोकं खाजवत म्हणाला, "वहिनींना सांगा, दुसरी व्हॅन नका बघू." आणि तिच्यामागे गेला.

मी दार उघडलं, नीलमबेननी उघडलं. विमलाबाई लाडू हातात धरून अजून फरशीवरच बसल्या होत्या.

"आणि मी गप्प झाले ती?" त्या उत्तमरावांना म्हणाल्या. "मला कोण सांगणार आवडलं म्हणून?"