कॅलमची आत्या

सभ्य स्त्रीपुरुषहो, मोबाइल बंद करा, हातातला बटाटेवडा खाली ठेवा आणि हे अत्यंत गंभीर निवेदन उभं राहून ऐका: आमच्या आत्यांनी कानात सांगितल्याशिवाय कुवेतमधल्या एकाही मराठी बाळाला नाव म्हणून मिळालेलं नाही. बरं, थोडी अतिशयोक्ती झाली. बसा, वडा उचला.

झालं असं, की इथल्या बाळांच्या खऱ्या आत्या राहिल्या पुण्यात, नांदेडात, चिपळुणात. बारशासाठी व्हिसा काढून कोण येणार? मग फिंतासला एकट्या राहणाऱ्या, विमा कंपनीत हिशेब बघणाऱ्या या बाईंना कुणीतरी पाळण्यापाशी बसवलं, आणि त्या कायमच्याच आत्या झाल्या. नाव सांगून झालं की आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, ही आपली रीतच. त्या पदर खोचून पाठ पुढे करायच्या आणि ओरडायच्या, "हळू गं बायांनो, पुढच्या शुक्रवारी हीच पाठ मंगफच्या बारशाला लागणार आहे!"

त्यांचा नियम एकच. अर्थ कळल्याशिवाय नाव बाळाच्या कानात घालायचं नाही. एका जोडप्यानं इंटरनेटवरून कसलंसं नाव आणलं, अर्थ म्हणे 'देवाची देणगी'. आत्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "ज्या नावांचा अर्थ कुणालाच सापडत नाही, ती सगळी इंटरनेटवर देवाची देणगी असतात." दोघं स्वयंपाकघरात जाऊन भांडून आले आणि निखिल ठेवून मोकळे झाले. अर्थाबद्दल त्या आणखी म्हणायच्या, "असेल तसा सांगायचा. त्याला पावडर लावायची नाही."

आता त्या मिरजेला परतल्यात. बारशाला कुणीतरी बाळाच्या कानाशी फोन धरतं, पलीकडून आत्या नाव सांगतात, आणि आम्ही बायका हात उगारून उभ्या. धपाटे घालायचे कुणाला?

पण मी सांगणार आहे ते आत्या इथे होत्या तेव्हाचं, मृण्मयीच्या बाळाचं. मृण्मयी इथेच वाढली आणि इथल्या शुऐबा भागातल्या कारखान्यातल्या एका स्कॉटिश इंजिनियरशी तिनं लग्न केलं. तिचे वडील करंदीकर लग्नाला गेले नाहीत, नंतर लेकीशी बोललेही नाहीत. सगळा राग काढला तो कबुतरांवर. एसीच्या डब्यावर घुमणाऱ्या कबुतरांसाठी त्यांनी आधी जुन्या सीडी टांगल्या, मग प्लास्टिकचं घुबड बसवलं, आणि शेवटी अख्खी बाल्कनी जाळीनं शिवून टाकली. त्या घरात वारासुद्धा दबकत यायचा.

बारशाला, आत्यांच्या फिंतासच्या घरी, करंदीकर काकूंनी त्यांना ओढून आणलं. आले, पण दारातच थांबले. पायात बूट तसेच. मृण्मयीनं पाळण्याची दोरी मुठीत आवळली आणि मला हळूच म्हणाली, "मावशी, बाबा आज गेले ना, तर परत कधीच येणार नाहीत."

नाव जावयाच्या आजोबांचं ठेवायचं होतं: कॅलम. त्याचा अर्थ आत्यांनी मला सकाळीच सांगितला होता. कबूतर. होय, कबूतर! जगातली एवढी जनावरं सोडून! मी आत्यांच्या कानाशी लागले. "शांतिदूत म्हणा, गगनविहारी म्हणा, पण तो शब्द तेवढा नको."

"पावडर?" आत्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"अर्थ काय या नावाचा?" दारातून करंदीकरांचा आवाज आला.

"कबूतर," आत्या म्हणाल्या.

बिचारा जावई नव्या कुडत्यात सगळ्यांकडे बघून हसत होता, त्याला एक अक्षर कळत नव्हतं. करंदीकरांचा हात दाराच्या मुठीवर गेला. "चल," ते काकूंना म्हणाले. काकू जागच्या हलल्या नाहीत.

"भाऊ, पूर्ण ऐका आणि मग जा," आत्या म्हणाल्या. "फार जुनं नाव आहे, मुळात लॅटिनमधलं. आयर्लंडातल्या एका साधूचं हेच नाव होतं. तो देश सोडून होडीतून निघाला. सांगतात, की एका बेटावर उतरला, मागे वळून बघितलं, तर अजून आयर्लंड दिसत होतं. तिथे त्याला राहवेना. मग आणखी पुढे गेला, आणि जिथून आपला किनारा दिसत नाही अशा बेटावर त्यानं घर केलं. ते बेट स्कॉटलंडचं. तिथली माणसं त्याच्यावरून आपल्या मुलांना कॅलम म्हणायला लागली."

करंदीकर खिडकीकडे बघत राहिले. फिंतासच्या त्या खिडकीतून समुद्र दिसतो. चिपळूण दिसत नाही. तरुणपणी तिथून निघालेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको.

आत्या त्यांच्यासाठी थांबल्या नाहीत. पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि नाव सांगितलं. पाठ पुढे केली, पण धपाटा घालायला आमच्यातल्या एकीचाही हात उठेना. सगळ्यांचे डोळे त्या बुटांवर.

तेवढ्यात बाळानं घशातून एक लांब, घुमणारा आवाज काढला. एसीवरच्या त्या शत्रूचा असतो, अगदी तस्साच.

करंदीकर खाली वाकले. बुटाच्या नाडीची गाठ सुटेना, तशीच ओढत राहिले, आणि मान वर न करता एकदम ओरडले, "अगं, घरी गेल्यावर आधी ती बाल्कनीतली जाळी काढायला हवी!"