कळशी खाली ठेवतानाचा फोटो

पेणपासून रोह्यापर्यंत शोधलं तरी रिकाम्या हाताने चालणाऱ्या माणसाचा माझ्या मामेसासऱ्यांइतका राग येणारा दुसरा कोणी सापडायचा नाही. कंपनीतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात. आमचे मामा रोह्यात बसून हलत्या चित्रांच्या जन्मकाळात गेले. सिनेमा यायच्या आधी एकामागून एक फोटो काढून माणसं चालवत, ती चित्रं त्यांनी मोबाइलवर पाहिली आणि सिद्धान्त मांडला, "माणूस नुसता चालला तर ती कसरत. हातात कळशी द्या, म्हणजे घरात कोणतरी तहानलेलं हाय!" छत्री म्हणजे अब्रू, केरसुणी म्हणजे पाहुणे. मी एकदा रिकामी पिशवी घेऊन गेलो, तर दारातच म्हणाले, "भांडून आलात ना, जावईबापू?" आणि मी खरंच भांडून आलो होतो.

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून मूर्ती फिरवायचा जुना पाट त्यांनी मला आणायला लावला. त्यावर पत्र्याचं पिंप बसवलं, उभ्या फटी पाडल्या आणि आत कमरेवर कळशी घेतलेल्या मामींचे फोटो ओळीने चिकटवले. पाट फिरवून फटीतून पाहिलं की मामी चालू लागत. फक्त घरी पोचत नसत, कारण कळशी खाली ठेवतानाचा फोटो काढायलाच मामा विसरले होते.

"आवो, पोचवा मला एकदाची! कंबर मोडली," मामी ओरडत.

"उद्या काढतो गो."

तो उद्या कधी उजाडलाच नाही.

यंदा मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालल्या नाहीत तर पाय आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं; पण मामींनी भीतीने खाटच धरली. साऱ्या गावाला अर्थ सांगणारे मामा स्वतःच रिकाम्या हाताने घरात येरझाऱ्या घालू लागले. मला ते बघवेना. शेवटी एका सकाळी त्यांनी पिंप खाटेजवळ आणलं आणि फिरवलं. मामी स्वतःला चालताना बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नुसतं काय चालू? कसरत हाय काय? कळशी द्या."

मामांनी घाईघाईने कॅमेरा गळ्यात अडकवला. रिकामी कळशी कमरेवर घेऊन मामी कण्हत, मामांना शिव्या घालत स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. तिथे त्यांनी कळशी खाली ठेवली आणि हसल्या.

"काढलात काय फोटो?"

मामांनी दोन्ही हातांनी मामींना धरलं होतं.

"नाय गो," ते म्हणाले. "हात रिकामे नव्हते."