घरात एकच माय

आमच्याकडच्या लग्नकार्यांत मी एक विनोद वर्षानुवर्षं सांगत आलो. नवे सोयरे बसलेले असायचे, माझा मुलगा किंवा मुलगी माझ्या बायकोला "वहिनी" म्हणून हाक मारायची, आणि कोणीतरी विचारायचंच, "काहो, ही पोरं सख्ख्या आईले वहिनी काहून म्हणतात?" मी म्हणायचो, "तिलाच आई म्हटलेलं चालत नाही. म्हातारं झाल्यासारखं वाटतं तिला!" लोक हसायचे. बायको हातात वाढायचं घेऊन उभी असली तर तीही हसायची आणि पुढच्या पानाकडे वळायची.

तो विनोद खोटा होता. ज्यांनी ऐकला त्यांतले बरेच आता नाहीत. जे आहेत त्यांच्यासाठी, आणि मुख्य म्हणजे माझ्या मुलांसाठी, खरं काय ते लिहून ठेवतो आहे.

आमचं घर विणकरांचं. लकडगंजपासून पायी जाता येतं अशा वस्तीत. पुढच्या खोलीत दोन माग होते, जमिनीत खड्डा करून बसवलेले. आता खड्डे बुजवून वर फरशी टाकली आहे आणि फरशीवर सोफा आहे. घर तेव्हा माणसांनी भरलेलं असे, पण त्यात माय एकच असायची. घरातली सगळ्यात मोठी बाई ती माय. बाकीच्या सुनांना कितीही लेकरं होवोत, त्या काकी नाहीतर वहिनी. मी लहानपणी आजीला माय म्हणायचो, आणि जिच्या पोटी जन्मलो तिला काकी, कारण चुलत भावंडं तिला काकी म्हणायची. यात कोणाला काही वावगं वाटत नसे. निदान आम्हा मुलांना वाटत नसे.

आईला काय वाटत होतं ते आजी गेल्यावर कळलं. तेराव्याचे पाहुणे गेले होते; चुलते तोवर वेगळे राहायला गेले होते आणि घरात आईच सगळ्यात मोठी उरली होती. मी तेव्हा नुकताच सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागलो होतो, मिशी फुटलेला बाप्या माणूस. आई चरख्यावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिने मला आणि धाकट्या भावाला समोर बसवलं आणि चरखा न थांबवता म्हणाली, "आजपासून मले माय म्हणाचं. काकी म्हणसान तं मी ओ देणार नाही."

आम्ही हसलो. संध्याकाळी सवयीने मी "काकी, चहा" म्हणालो. ती चुलीपुढे पाठ करून बसून राहिली. चहा उकळत राहिला, आटला, करपल्याचा वास सुटला. शेवटी मी "माय" म्हणालो तेव्हा ती वळली, आणि तिचा चेहरा मला पाहवेना.

हे आधी सांगितलं, कारण पुढे मी जे केलं ते अजाणता केलं असं कोणी समजू नये. त्या शब्दासाठी एक बाई किती वर्षं तहानलेली राहू शकते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

नंतर माझं लग्न झालं. बायको उमरेडची, विणकराच्याच घरची. बोलायला मोकळी, हसरी. आजच्या तिच्याकडे पाहून पटणार नाही. माझा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणायचा, म्हणून आमचा मुलगा बोलू लागला तेव्हा तोही तिला वहिनी म्हणाला, आणि माझ्या आईला माय. माझी आई त्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची. "माह्या लेकाचं लेकरू, मलेच माय म्हणते," असं शेजारणींना सांगायची. बायको पहिलटकरीण, वयाने लहान. ऐकत चुलीपुढे बसायची.

मुलगी झाली तेव्हा मात्र तिने वेगळं ठरवलं असावं. दुपारी सगळे मागावर किंवा कामावर असत, तेव्हा स्वयंपाकघरात ती मुलीला मांडीवर घेऊन बसायची. काय शिकवत होती ते मला एका रात्रीच्या जेवणात कळलं. आम्ही पानावर बसलो होतो. मुलगी रांगत माझ्या आईला ओलांडून गेली, बायकोचा पदर धरून उभी राहिली आणि स्पष्ट म्हणाली, "आई."

आईचा हात ताटातच थांबला.

"वा वं," ती सुनेला म्हणाली. "दोन माया झाल्या म्हणाव्या या घरात."

"माय नाही म्हटलं तिनं, आई म्हटलं," बायको म्हणाली.

"माय काय न् आई काय. मी अजून जित्ती आहो ना? मी मेल्यावर म्हणवून घेजो."

आईने ताट सारलं. दुसऱ्या दिवशी तिने चहाही घेतला नाही. भाऊ माझ्याकडे बघत होता, मी बायकोकडे. रात्री बायको मला म्हणाली, "माय त्यांचं राहू द्या ना, मले नको तो शब्द. पण आई तर घरात कोणीच कोणाले म्हणत नाही. तो शब्द तर कोणाचा नाही. तेवढा तं द्या मले."

इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे अशी मागितलेली गोष्ट हीच. मी म्हणालो, "माय थकली आहे. तिची किती दिवसांची सोबत? तोवर थांब."

थांबायला तर सांगितलंच, पण मी तेवढ्यावर भागवलं नाही. ते सांगायची मला लाज वाटते, आणि त्यासाठीच लिहायला बसलो आहे.

कचेरीतून येताना सीताबर्डीवरून मी संत्रागोळ्या आणल्या, त्या पिवळ्या-केशरी, फोडीच्या आकाराच्या. ओसरीवर मुलीला मांडीवर घेतलं. बायको समोर धुणं वाळत घालत होती. मी तिच्याकडे बोट दाखवून मुलीला विचारलं, "ते कोण?" मुलगी म्हणाली, "आई." मी मूठ मिटली. "ते कोण?" पुन्हा आई. मी गोळी स्वतःच्या तोंडात टाकली आणि मिटक्या मारून दाखवल्या. ती रडली. मग मी सांगितलं, "वहिनी म्हण. व-हि-नी." ती "वैनी" म्हणाली. मी मूठ उघडली.

गोळ्यांची पुडी संपायच्या आत काम झालं. माझी आई खाटेवरून बघत होती. म्हणाली, "हुशार आहे पोट्टी, बापावर गेली." त्या दिवशी ती पोटभर जेवली. बायकोने धुणं संपवलं, खाली बसली आणि मुलीचं केशरी झालेलं तोंड पदराने पुसलं. खूप वेळ पुसत होती. मुलगी तिच्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "वैनी." बक्षीस मिळेल म्हणून हात पुढे केला.

माझी आई दुष्ट होती असं यावरून कोणी समजू नये. बायकोची दोन्ही बाळंतपणं तिने स्वतः काढली. सुनेला तापाने घेरलं तेव्हा उशाशी बसून राहिली. तिने फक्त जे उशिरा मिळालं ते वाटून घ्यायला नकार दिला. ती म्हातारी होती, अडाणी होती, तिला तिची कारणं होती. मला कोणतं होतं? मला घरात शांतता हवी होती आणि संध्याकाळी गरम चहा.

मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर एकदा येऊन म्हणाली, "बाबा, वर्गातल्या सगळ्या जणी आई म्हणतात. आपण वहिनी का म्हणतो?" मी पेपर वाचत होतो. वर न बघता म्हणालो, "तिला आवडत नाही. आई म्हटलं की म्हातारं झाल्यासारखं वाटतं तिला." मुलगी खुदकन हसली. इतकं सोपं होतं ते. मग भावाला सांगितलं, कचेरीत सांगितलं, मुलाच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं. प्रत्येक वेळी थोडं मीठमसाला लावून. शेवटी शेवटी तर मी बायकोचा आवाजही काढून दाखवायचो.

ती कधीच "हे खोटं आहे" म्हणाली नाही. म्हणाली असती तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण खाटेवर बसलेलं होतं. माझी आई पुष्कळ जगली. मुलांची लग्नं झाली, माग भंगारात गेले, तरी ती होती. ती गेली तेव्हा आम्ही नवराबायको स्वतःच पिकलेले होतो.

तिच्या तेराव्याच्या संध्याकाळी, भांडी घासून झाल्यावर, बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली. हात ओलेच होते. एवढंच म्हणाली, "आता?"

मला लगेच कळलं. कळलं नाही असं मी आजवर स्वतःलाही सांगू शकलो नाही. दोन्ही मुलं शेजारच्या खोलीत बसली होती. माझ्या आईने केलं तसं त्यांना समोर बसवून सांगायचं होतं, बस. मी म्हणालो, "आता काय राहिलं? मुलं मोठी झाली. काही बोललो तर हसतील."

ती आत गेली. पुन्हा तिने विचारलं नाही. नातवंडं तिला आजी म्हणू लागली आणि आपापल्या आईला मम्मी. सूनबाईंना त्यासाठी कोणाची परवानगी लागली नाही, वाट पाहावी लागली नाही. बायको ते कौतुकाने ऐकायची, की आणखी कशी, ते मी विचारलं नाही.

मुलगी बाळंतपणाला आमच्याकडे आली होती तेव्हाची एक गोष्ट. बाळ अंगावर पीत नव्हतं, मुलगी रडकुंडीला आली होती. बायको तिला कसं धरायचं ते दाखवायला गेली. मुलगी फटकन म्हणाली, "वहिनी, तू तर मला शिकवूच नको. तुला आई म्हणवून घ्यायचीसुद्धा लाज वाटायची!"

बायको दुपट्यांच्या घड्या घालत होती. एक घडी मोडली, परत घातली, मग दुसरी घेतली. मी त्याच खोलीत होतो. खुर्चीत. एक वाक्य बोलायचं होतं. मी उठून बाहेर गेलो आणि फाटकाची कडी तपासली.

आता यंदाच्या थंडीतली गोष्ट. मुलगी धरमपेठला राहते. रविवारी नातीला घेऊन मेट्रोने येते, कारण नातीला मेट्रो आवडते. आम्ही ओसरीत उन्हात बसलो होतो. मुलगी संत्री सोलत होती, बायको फोडींचे दोरे काढून नातीच्या हातात देत होती. नातीने एकदम विचारलं, "मम्मी, आजी तुझी आई आहे ना? मग तू वहिनी का म्हणते?"

"अगं, तिलाच नको होतं," मुलगी हसत म्हणाली. "म्हातारं झाल्यासारखं वाटायचं तिला."

अगदी माझ्याच सुरात. नात हसली, तीही अगदी तिच्या आईसारखी. बायकोने हातातली फोड खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि आत गेली. एवढ्या वर्षांत ती या विनोदावरून उठून गेली ती पहिल्यांदा.

तेव्हा मी सांगितलं. सगळं, आजी, माय, संत्रागोळ्या, "आता?" सुद्धा. मुलीने मध्ये एकदाही थांबवलं नाही. बोटांवरून रस कोपरापर्यंत ओघळला तरी तिने पुसला नाही. मी थांबल्यावर म्हणाली, "मी बाळंतपणात तिला काय बोलले होते, बाबा. तुम्ही तिथेच होता ना?"

"होतो."

ती उठून आत गेली. मी मागोमाग गेलो. बायको स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मेथी निवडत होती, पाठ आमच्याकडे. मुलगी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई."

बायकोने मान वळवली नाही. पानं खुडत राहिली.

"आई," मुलगी पुन्हा म्हणाली. आवाज फुटला होता.

आता बायकोने वळून पाहिलं. "कोणाले हाक मारून राहिली वं?"

"तुला."

तिने मुलीकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यावरून माझ्याकडे. "सांगितलं का तुम्ही?"

"हो."

"माय असत्या तं सांगितलं असतं?"

तिला उत्तर नकोच होतं. ती मुलीला म्हणाली, "राहू दे. वहिनीच म्हण. आई म्हटलं तं मले समजणारच नाही मले म्हणून राहिली का कोणाले. बस, मेथी निवडू लाग."

मुलगी बसली. दोघींनी मेथी निवडली. त्या दिवशी निघेपर्यंत मुलीने तिला कोणतीच हाक मारली नाही. पुण्याला मुलाला मी फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ द्या ना बाबा, आता काय त्याचं." माझेच शब्द होते, जवळपास.

मला वाटलं होतं की खरं सांगितल्यावर तिचं तिला काहीतरी परत मिळेल. झालं ते असं: मुलगी रोज सकाळी फोन करते, पूर्वीपेक्षा जास्त वेळ बोलते. पण वहिनी म्हणणं आता तिच्या जिभेवर येत नाही, आणि आई म्हटलं की पलीकडून ओ येत नाही. ती नुसतं "अगं, ऐक ना" म्हणते. बायको फोन कानाला लावून क्षणभर थांबते, पुढे काही येतं का ते ऐकते, आणि मग म्हणते, "बोल."